प्रशस्त घर कशाला म्हणावे?



आपल्या सुरतेत वेसू, पाल, पिपलोद या भागांत उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ‘लक्झुरियस’ हा शब्द असतोच. मध्यंतरी आम्हीही असा एक फ्लॅट पाहून आलो. खाली चकचकीत मार्बल, स्वयंपाकघर एकदम नवे. पण भर दुपारी बारा वाजता आतल्या खोलीत दिवा लावावा लागला! खिडकी उघडली, तर समोरच्यांच्या दोरीवरचे कपडे हाताला लागतील इतकी ती इमारत जवळ.

मला एकदम मावशीचा दादरच्या हिंदू कॉलनीतला ब्लॉक आठवला. (त्या काळी मुंबईत फ्लॅटला ब्लॉकच म्हणत.) लहानपणी सुटीत आम्ही फ्लाइंग राणीने मुंबईला जात असू. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची ती इमारत. फरशी साधी, भिंतींना चुना. पण छत उंच, समोरासमोर खिडक्या, आणि मे महिन्यातही घरभर वारा. आम्हा मुलांना ते घर राजवाड्यासारखे वाटे.

याच काळात, म्हणजे १९३० च्या दशकात, मुंबईत ओव्हल मैदानासमोर आणि मरीन ड्राइव्हवर सिमेंट काँक्रीटच्या देखण्या इमारतींची रांग उभी राहिली. गोलाकार सज्जे, खिडक्यांवर लांब छज्जे, समोर मोकळे मैदान किंवा समुद्र. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्हवरील ‘सूना महल’ ही १९३७ सालची इमारत गजानन बाबूराव म्हात्रे या आपल्या मराठी वास्तुविशारदाची, हे मुलांनी जरूर लक्षात ठेवावे. ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारतींसह दक्षिण मुंबईतील ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पण ही हवा आणि हा उजेड केवळ श्रीमंतीतून आला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत तो फार पसरला. मग १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती तिच्याच योजनेतल्या. या ट्रस्टने ६३½ अंशांचा एक नियम पुढे आणला. इमारतीच्या पायथ्यापासून ६३½ अंशांच्या कोनात वर पाहिले असता आकाश दिसले पाहिजे. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. दहावीच्या मुलांनी टॅन ६३½ किती, ते काढून पाहावे. उत्तर जवळजवळ दोन येईल!

अर्थात सगळ्यांच्या वाट्याला असे घर आले नाही. त्याच मुंबईत, १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत अख्खे कुटुंब राहत होते. पोटासाठी खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या कितीतरी बांधवांनीही उधना, लिंबायतकडे एकेका खोलीत संसार केले, आजही करीत आहेत. म्हणून माझे म्हणणे असे, की हवा आणि उजेड ही चैनीची वस्तू मानू नये. मार्बल ज्याला परवडेल त्याने घालावा, पण खिडकीतून आकाश मात्र सर्वांनाच दिसले पाहिजे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने गाव सोडून पळालेली सुरत ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पालकांना विनंती, की घर पाहायला दिवसा जा, दिवे बंद करायला सांगा आणि खिडकीसमोर पुढे काय बांधले जाणार आहे ते विचारा. विद्यार्थ्यांनी आपल्या घराच्या खिडक्या आणि समोरच्या इमारतीचे अंतर मोजून वहीत लिहावे.

आणि विश्वस्तांना एक नम्र सूचना. शाळेच्या मैदानाच्या कडेला नव्या वर्गखोल्या बांधण्याचा विचार चालू असल्याचे कळते. वर्ग हवेतच, मुले वाढली आहेत. पण तळमजल्यावरच्या बालवर्गांचा उजेड जाणार नाही, एवढे अंतर कृपया सोडावे. एखादी खोली कमी झाली तरी चालेल. मुलांची इथली दहा-बारा वर्षे तरी उजेडात जावीत, एवढीच इच्छा.

– एक पालक