बर्स्टनचा वारसा कोणाचा?

इंग्लंडमधील खेड्याचे एक ठरीव चित्र आपल्याकडील सुशिक्षितांच्याही मनात ठाण मांडून बसले आहे. दगडी चर्च, जमीनदाराचा वाडा, मधोमध हिरवळ आणि तिच्यावर रंगलेला क्रिकेटचा डाव. वारसा जपायचा तो या चित्राचा, आणि ग्रामजीवन म्हणजे त्यातला सलोखा, असे तेथील प्रस्थापित वर्ग पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. हा सलोखा कोणाच्या मुकेपणावर उभा होता, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

नॉरफोक परगण्यातील बर्स्टन या लहानशा गावाने हे चित्र फाडून टाकले. 1911 साली किटी आणि टॉम हिग्डन हे शिक्षक दांपत्य तेथील शाळेवर आले. आधीच्या गावी शेतकरी मालक मुलांना वर्गातून उठवून कामाला जुंपीत, त्याला विरोध केल्याबद्दलच त्यांची बदली झाली होती. टॉम शेतमजुरांची संघटना बांधीत असे. 1913 च्या ग्रामपरिषदेच्या निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते पडली आणि गावचे रेक्टर पराभूत झाले. हेच रेक्टर शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष! मग सूड यायला कितीसा वेळ? लांबून पायपीट करून भिजत आलेल्या मुलांचे कपडे वाळविण्यासाठी किटीने परवानगीवाचून शेगडी पेटविली, हादेखील गुन्हा ठरला. मुलांना मारल्याचा आरोपही चिकटविण्यात आला आणि दोघांना बडतर्फ करण्यात आले.

1 एप्रिल 1914 रोजी शाळेच्या 72 मुलांपैकी 66 मुलांनी संप पुकारला. व्हायोलेट पॉटर ही तेरा वर्षांची मुलगी त्यांची पुढारी होती. निशाणे घेऊन गावाला फेरी घातल्यावर मुलांचे वर्ग गावच्या हिरवळीवर भरू लागले, पुढे ते एका सुताराच्या जागेत गेले. पालकांना न्यायालयात खेचून दंड ठोठावण्यात आले, ते वर्गणीतून भरले गेले. चर्चच्या मालकीच्या जमिनी खंडाने कसणाऱ्यांना त्या सोडण्याच्या नोटिसा आल्या. तरीही गाव वाकले नाही. गाव करी ते राव न करी, ही आपली म्हण नॉरफोकच्या शेतमजुरांनी ऐकलेली नसावी, पण ती त्यांनी खरी करून दाखविली.

‘बाहेरून आलेल्या चिथावणीखोरांनी शांत गाव नासविले’ हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. मजूर मान वर करतो तेव्हा मालकवर्गाला हटकून बाहेरचा माणूस दिसू लागतो! हिग्डन दांपत्य बाहेरचे होते हे खरे, परंतु टॉमला मते दिली ती गावकऱ्यांनी. आणि नुसत्या चिथावणीवर पंचवीस वर्षे शाळा चालत नसते. रेल्वे कामगार, खाणकामगार आणि देशभरच्या कामगार संघटनांच्या देणग्यांतून हिरवळीच्या कडेला शाळेची स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि 13 मे 1917 रोजी तिचे उद्घाटन झाले. देणगीदारांची नावे दर्शनी भिंतीच्या दगडांत कोरलेली आहेत. सरदारांच्या थडग्यांवरील शिलालेखांची मोजदाद करणाऱ्या इतिहासपंडितांनी हे दगडही एकदा वाचावेत.

1939 मध्ये टॉम वारला आणि शाळा बंद झाली. ब्रिटनच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ संप म्हणून तो आजही ओळखला जातो. ती इमारत आता संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटले की लढ्याला काचेच्या कपाटात बंद करण्याचा धोका असतोच. त्या गावात तसे घडलेले नाही, याचे श्रेय कामगार संघटनांना द्यावे लागेल. 1984 पासून दर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी निशाणे फडकवीत कामगार तेथे जमतात आणि मुलांनी 1914 साली घातलेली फेरी त्याच वाटेने पुन्हा घालतात. किटी आणि टॉम यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत, त्या रेक्टरच्याच चर्चच्या आवारात.