बेण्यातला पारा गेला, दातांच्या दवाखान्यातल्या पाऱ्याचे काय?

ऊस लावण्याआधी बेणे पाऱ्याच्या औषधात बुडवायचे, हे लातूर-नांदेडकडच्या जुन्या जाणत्यांना आठवत असेल. कांड्या कुजत नसत, हे खरे. पण पारा तो पाराच. इराकमध्ये १९७१-७२ साली पाऱ्याचे औषध लावलेला बियाण्याचा गहू लोकांनी दळून खाल्ला. पोत्यावरची सूचना परक्या भाषेत, वाचणार कोण? साडेसहा हजार माणसे दवाखान्यात दाखल झाली, त्यातली ४५९ दगावली. आपल्याकडे ऊस व बटाट्याच्या बेण्याला वापरायचे मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराईड हे औषध केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केले.

आता दुसरी बाजू बघा. दाढ किडली की 'चांदी भरून घेतली' असे आपण म्हणतो. ती नुसती चांदी नसते. त्यात जवळजवळ निम्मा पारा, आणि बाकी चांदी, कथील, तांबे. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार भारताने २०१८ साली मान्य केला आहे. त्या कराराच्या देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला ठरवले, की दातात पारा भरणे २०३४ पर्यंत बंद करायचे.

तुम्ही म्हणाल, मग आजच का नाही? कारण ही चांदी स्वस्त पडते आणि दाढेत वर्षानुवर्षे टिकते. दुसरे मसाले आहेत, पण त्यातल्या काहींना खर्च जास्त, आणि भरताना दात कोरडा ठेवावा लागतो. सरकारी दवाखान्यात ती सोय आधी केली नाही, तर गरीब माणूस दात भरण्याऐवजी उपटूनच घेईल. तेव्हा मुदत मिळाली ते समजण्यासारखे आहे. पण तोवर जो रोज पारा हाताळतो, त्याचे काय?

खरा धोका त्यालाच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. विष आधी हाताळणाऱ्यालाच धरते. पाऱ्याची वाफ ना दिसते, ना वास येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती जास्तच उठते आणि बंद खोलीत साचते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली तर हात कापतात, विसरायला होते, मूत्रपिंडावर परिणाम होतो. फवारताना तोंडाला बांधलेला रुमाल जसा कुचकामी, तसाच इथे साधा मास्क.

लातूर, नांदेड, उदगीर, देगलूरच्या दवाखान्यांत मदतनीस म्हणून आपल्याच गावची पोरं-पोरी काम करतात. त्यांना एवढे सांगा. सुटा पारा खलात घोटू नये, मापून भरलेली बंद कुपीच वापरावी. मिनामाता करारातही २०२२ पासून तसेच आहे. खिडकी उघडी ठेवावी. पारा सांडला तर झाडू लावू नये, त्याने थेंब आणखी फुटतात. हातमोजे घालून, दोन जाड पुठ्ठ्यांनी गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा. उरलेला मसाला मोरीत टाकू नये आणि जाळूही नये. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पाऱ्याचा कचरा वेगळाच द्यावा लागतो. मोरीतला पारा शेवटी नाल्याने मांजरा-गोदावरीलाच मिळणार. तिथल्या गाळात त्याचे जास्त जहाल विष बनते आणि ते माशात उतरते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही गावात दंत शिबिर ठेवताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. मुलांच्या दातात पारा भरणार का, आणि उरलेला पारा कुठे नेणार? पंधरा वर्षांच्या आतली मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांच्या दातात डॉक्टरांना अगदी गरज वाटल्याशिवाय पारा भरू नये, असे करारातच आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. दाढेत आधीची चांदी शाबूत असेल तर घाबरून ती काढायला धावू नका. काढताना घासली की उलट वाफ जास्त उठते, तुमच्या तोंडात आणि काढणाऱ्याच्या नाकातही. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण बघायला आपण शिकलो. तसेच दाढ भरताना यात पारा आहे का, हे डॉक्टरांना विचारायला शिकू या. विचारायला पैसे पडत नाहीत.