इंग्रजीच्या वर्गात मराठीला बाहेर का उभं करता?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या बाकावर एक मुलगी रडत बसली होती. ती पेठपाड्याहून मेट्रोने येते, एफ.वाय.बी.ए.ला आहे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे इंग्रजी घेऊन बसते. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती मला 'बाई'च म्हणते.

"काय गं, काय झालं?"

"बाई, नोकरी गेली." खरं तर नोकरी मिळालीच नव्हती. इथेच खारघरमधल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला अर्ध्या दिवसाचं काम होतं. तिथल्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल थोडं सांग. पोरीने 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात केली आणि गाइडमधला नोकरीचा अर्ज खडाखडा म्हणून दाखवला, अगदी शेवटच्या 'युअर्स फेथफुली'पर्यंत. समोरची माणसं हसली.

मला हसू आलं नाही, राग आला. तिचा नव्हे. पहिल्या सत्रात ती इंग्रजीत चांगल्या मार्कांनी पास झाली आहे! ज्या अर्जाला परीक्षेत मार्क मिळाले, त्याच अर्जाने बाहेर तिचं हसं झालं. मग नापास कोण?

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षं ती इंग्रजी शिकलीच होती. कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाच्या हिशेबाने दोन क्रेडिटचा पेपर, म्हणजे सत्राला तीस तास. त्या तीस तासांत उतारा, सारांश, पत्र, अहवाल, व्याकरण. वर्गात शंभराच्या आसपास मुलं. एकेकाने तोंड उघडायचं म्हटलं तर वाट्याला येणार किती मिनिटं? मग गाइड असतेच.

पण माझं भांडण नुसत्या तासांशी नाही. मी तिची वही पाहिली. 'आय हॅड गॉन टू पनवेल येस्टरडे' या वाक्याखाली लाल रेघ. 'माय टू ब्रदर्स आर' खाली लाल रेघ. 'मॅरीड विथ' खाली पुन्हा तेच. चूक का झाली, याबद्दल अवाक्षर नाही.

अहो, त्या चुका वेंधळेपणाच्या नाहीत, मराठीच्या आहेत! आपण सहज म्हणतो, 'काल पनवेलला गेलो होतो.' ते 'होतो' इंग्रजीत 'हॅड' होऊन बसतं. 'मला दोन भाऊ आहेत' यात 'असणे' आहे, इंग्रजीला तिथे 'हॅव' लागतं. लग्न आपल्याकडे कोणा'शी' होतं, म्हणून 'विथ' येतं. 'अ' आणि 'द' तर आपल्या भाषेत नाहीतच, ते कुठे घालायचे हे नुसतं ऐकून कसं कळावं? हे मराठीतून समजावायला मला वीस मिनिटं लागली. मुलगी म्हणाली, "बाई, एवढंच होतं?" आणि पुढची चार वाक्यं तिने स्वतः दुरुस्त केली.

हे कॉलेजात का होत नाही? तर म्हणे, इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की मुलांना सवय लागते. मान्य, यात तथ्य आहे. आम्ही तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर वाढलो. आमच्या शाळेत इंग्रजी आठवीत आलं, बी.ए. मराठीतून झालं. आज मी इंग्रजी अग्रलेख वाचते, पण न्यू जर्सीतल्या नातवाचा मित्र फोनवर आला की माझी बोबडी वळते. नुसतं भाषांतर केलं की असं होतं. पण म्हणून मराठीला वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करायचं? समजवायला मराठी घ्या, बोलायला इंग्रजी द्या. दोन्ही लागतं.

आणि परीक्षेत पाच मिनिटं समोर बसवून बोलायला लावा. शंभर मुलांना वेळ लागेल, लागू द्या. छापील अर्ज तपासण्यात जातो तोही वेळच आहे. जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. मीही त्याला अपवाद नव्हते, हेही सांगून टाकते.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हा पेपर असला काय आणि नसला काय. तो आहे तो या पेठपाड्याच्या पोरीसाठी. तिलाच त्याचा उपयोग नसेल तर तो कोणासाठी चालवता?

असो. सध्या आमचा नेम असा की आठवड्यात घडलेली एक गोष्ट तिने आधी मराठीत सांगायची, मग इंग्रजीत. या रविवारी तिने मुलाखतीचीच सांगितली. तीन ठिकाणी अडली, एकदा 'हॅड' घातला, स्वतःच जीभ चावली. शेवटी त्या 'युअर्स फेथफुली'वर ती स्वतःच हसली.

तुमच्यापैकी जे कॉलेजात इंग्रजी शिकवतात त्यांनी माझं चुकत असेल तर जरूर सांगावं. मराठीतून सांगितलं तरी चालेल.