बॅटरी नवी, तरी गाडी अचानक बंद? पुरात भिजलेल्या जुन्या कारचा दोष कसा शोधायचा?

कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शहराच्या सखल भागांत पाणी शिरलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद झाला. पूर ओसरल्यावर भिजलेल्या अनेक गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या.

पण वायरच्या जोडांत राहिलेली ओल आणि गाळ आतून गंज चढवत राहतात. त्यामुळे दोष कधी कधी काही महिन्यांनी, तर कधी वर्षांनी समोर येतो.

दोष बॅटरीचाच असतो का?

नेहमी नाही. बॅटरी उतरत असेल, तर दिवे मंद होतात, स्टार्टर जड फिरतो. दिवे, हॉर्न, मीटर सगळं एका क्षणात गेलं, तर आधी जोड तपासायला हवेत. बॅटरीचे टर्मिनल, बॉडीला जोडलेली अर्थची वायर आणि मुख्य फ्यूज ही तीन ठिकाणं पहिली. ती न बघता नवी बॅटरी घेतली, तर हजारो रुपये जातात आणि दोष तसाच राहतो.

तपासणी कशी करायची?

१. इंजिन बंद ठेवून टर्मिनल हाताने हलवून बघा. सैल असेल किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर साफ करून घट्ट करा.

२. मल्टिमीटर लावा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ हवा. तो वाढलाच नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याची वायरिंग तपासा.

३. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थ खराब आहे.

४. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा. तो पुन्हा उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे तार गुंडाळली, तर वायरिंग पेटू शकते.

हे करू नका

अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनवर टर्मिनल काढायची जुनी पद्धत आजही दिसते. त्यातून व्होल्टेज उसळून इंजिनचा कंट्रोल युनिट जळू शकतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं, तर चावी काढू नका. स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेकही जड होतो, तो एकदाच जोर लावून दाबून धरा.

जुनी गाडी विकत घेताय?

कार्पेट उचलून बघा. सीटच्या बोल्टवर गंज, डॅशबोर्डखाली गाळ किंवा सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पाण्यात होती असं समजा. अशा गाडीची वायरिंग तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. १५ वर्षांनंतर कारची नोंदणी नव्याने करताना आरटीओ गाडी तपासते, पण वायरच्या आत चढलेला गंज त्या तपासणीत दिसेलच असं नाही.