ग्रंथप्रामाण्य आणि गुलामाची साक्ष

धर्मग्रंथाचा अर्थ लावणे हे पंडितांचे काम आहे, सामान्य माणसाने त्यात पडू नये, असे मानण्याची रीत सर्वच धर्मांत आढळते. परंतु ज्या समाजाचे माणूसपण ग्रंथाच्याच आधारे नाकारले गेले, त्याला हा प्रश्न पंडितांवर सोपवून स्वस्थ बसता येत नाही. ज्या अमेरिकेत आपण आज स्थायिक झालो आहोत, त्या देशाने बायबलच्या अर्थावरून एक फार मोठा वाद पाहिला. तो वाद गुलामगिरीचा होता. त्या वादातून आणि त्यानंतर ख्रिस्ती विद्वानांनीच केलेल्या चिकित्सेतून आंबेडकरी विचाराच्या माणसाने काय घ्यावे, याविषयी आमचे मत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

व्हर्जिनियातील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक थॉर्न्टन स्ट्रिंगफेलो यांनी १८४१ साली गुलामगिरीच्या समर्थनार्थ बायबलमधील वचनांची सविस्तर मांडणी केली. ती वाचताना मन विषण्ण होते. पण ती अडाण्याची मांडणी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. अब्राहामाच्या घरी दास होते. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परराष्ट्रीयांमधून दास विकत घेण्याची व ते मुलाबाळांना वारशाने देण्याची अनुज्ञा आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांना धन्याची आज्ञा पाळण्याचा उपदेश आहे. पौलाने अनेसिम नावाच्या दासाला त्याचा धनी फिलेमोन याजकडे परत पाठविले. मग गुलामगिरी पाप कशी, असा या पक्षाचा सवाल होता. विरोधकांपाशीही वचने होती. माणूस चोरून विकणाऱ्यास निर्गम या पुस्तकात देहान्त शिक्षा सांगितली आहे. पळून आलेल्या दासास धन्याच्या हवाली करू नये, असे अनुवाद या पुस्तकात म्हटले आहे. आणि ख्रिस्ताच्या ठायी दास व स्वतंत्र हा भेद राहत नाही, असे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे.

वचनाविरुद्ध वचन उभे राहिले आणि निकाल काही लागला नाही. १८४४ साली मेथडिस्ट आणि १८४५ साली बॅप्टिस्ट पंथ याच प्रश्नावर दुभंगले. इतिहासकार मार्क नॉल यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सिव्हिल वॉर ॲज अ थिऑलॉजिकल क्रायसिस’ या ग्रंथात या गोष्टीवर नेमके बोट ठेवले आहे. बायबलचा अर्थ कोणाही प्रामाणिक वाचकाला सहज कळतो, अशी ज्या राष्ट्राची श्रद्धा होती, त्याला हा एक प्रश्न बायबल वाचून सोडविता आला नाही. अखेर तो धर्मपंडितांऐवजी सेनापतींनी सोडविला. गुलामगिरीच्या बाजूने वेगळी चूल मांडून स्थापन झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी, त्याबद्दल क्षमायाचना केली. या दीडशे वर्षांत बायबलचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती वाचणाऱ्याची दृष्टी, आणि ती बदलण्यासाठी लक्षावधी माणसांना रक्त सांडावे लागले.

ग्रंथ कोणाच्या हाती आहे, यावर त्याचा अर्थ किती अवलंबून असतो, याची दोन उदाहरणे आम्हांस विशेष बोलकी वाटतात. उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात नोहाने शाप दिला तो कनानला; त्याचा बाप हाम याला नव्हे. कातडीच्या रंगाचा तेथे उल्लेखही नाही. तरीही शतकानुशतके ‘हामाचा शाप’ हे आफ्रिकी माणसाच्या दास्याचे ईश्वरी कारण म्हणून सांगितले गेले. याच्या उलट १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापण्यात आली. तीत जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा निम्मा भाग गाळला होता. मिसर देशाच्या दास्यातून मोशेने आपल्या लोकांना बाहेर काढल्याची कथा त्या बायबलात नाही. दासांनी आज्ञाधारक राहावे हा उपदेश मात्र आहे. जे ग्रंथात नव्हते ते वाचले गेले आणि जे होते ते कापले गेले. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमध्ये २०१८ साली या आवृत्तीची प्रत प्रदर्शनात मांडण्यात आली होती.

हे सारे धर्मोपदेशकांचे पाप होते, विज्ञान यापासून अलिप्त होते, असे म्हणून आम्हां डॉक्टरांनाही हात झटकता येणार नाहीत. लुइझियानातील डॉ. सॅम्युअल कार्टराइट यांनी १८५१ साली ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा एक रोग जाहीर केला. गुलामाने पळून जाणे हे त्या रोगाचे लक्षण! त्याच्या प्रतिबंधक उपायांत चाबकाचाही समावेश होता. आफ्रिकी माणसाला ईश्वराने गुडघे टेकण्यासाठीच घडविले आहे, याला त्यांनी बायबलचाही आधार दिला. वैद्यकशास्त्र आणि धर्मशास्त्र या दोहोंनी मिळून स्वातंत्र्याच्या इच्छेलाच विकार ठरविले. रोग्याची तक्रार ऐकून निदान करावे, हा आमच्या व्यवसायाचा पहिला पाठ. तोच येथे विसरला गेला. ज्याला वेदना होत होती, त्याला कोणी विचारलेच नाही.

बायबलची ऐतिहासिक चिकित्सा तशी जुनी आहे. स्पिनोझाने १६७० साली हा ग्रंथ इतर ग्रंथांप्रमाणेच तपासावा, असे प्रतिपादन केले. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन यांनी मोशेच्या नावावरील पाच पुस्तके निरनिराळ्या काळांतील निरनिराळ्या साधनांतून गुंफली गेली, असे दाखविले. १९०६ साली येशूच्या चरित्रकारांची परखड तपासणी करणारे आल्बर्ट श्वाइट्झर पुढे आफ्रिकेत डॉक्टर म्हणून गेले. या विद्वानांचे ऋण मोठे आहे. ग्रंथ आकाशातून पडत नाही, त्याला काळ असतो, लेखक असतो, लेखकाचे हितसंबंध असतात, हे त्यांनी शिकविले. पण ग्रंथ कोणी लिहिला हे कळले, म्हणून तो कोणाला लागला हे कळत नाही. तो प्रश्न ज्यांनी सोसले त्यांनीच विचारला.

कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ सालच्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात आपल्या आजीची हकीकत दिली आहे. ती गुलामीत जन्मली होती, निरक्षर होती. नातवाकडून ती बायबल वाचून घेई. पण पौलाची पत्रे, प्रेमावरील एक अध्याय वगळता, वाचू देत नसे. धन्याचा धर्मोपदेशक वर्षातून तीन-चार वेळा पौलाचे ‘दासांनो, आज्ञा पाळा’ हेच वचन निरूपणासाठी घेई. मुक्त झाले तर हा भाग कधी वाचणार नाही, असा तिने निश्चय केला होता. आमच्या मते अक्षरओळख नसलेली ही वृद्धा मोठी भाष्यकार होती. विद्यापीठांनी जे पुढे सिद्धान्तरूपाने मांडले, ते तिने आपल्या जखमेवरून ओळखले होते.

तिच्याच मार्गाने पुढची पिढी गेली. जेम्स कोन यांनी १९६९ पासून कृष्णवर्णीयांच्या मुक्तीचे धर्मशास्त्र उभे केले आणि २०११ सालच्या ग्रंथात सवाल केला की, वधस्तंभापुढे डोळे मिटणाऱ्या गोऱ्या पंडितांना झाडाला लटकविलेला काळा देह का दिसला नाही? फिलिस ट्रिबल यांनी १९८४ साली स्त्रियांवरील अत्याचारांच्या बायबलमधील कथा कोणतीही सारवासारव न करता पुढे मांडल्या. डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ साली कोन यांच्याही पुढे जाऊन हागारकडे लक्ष वेधले. सारेच्या छळाला कंटाळून पळालेल्या या दासीला परमेश्वराच्या दूताने परत मालकिणीकडे जाण्यास सांगितले. मग देव नेहमीच मुक्तिदाता असतो, असे कसे म्हणावे? भारतातही १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची हाक दिली आणि तेथून दलित ख्रिस्ती चिंतनाचा प्रवाह सुरू झाला.

या सर्व मंथनातून आम्हांस तीन वाटा दिसतात. ग्रंथात तसे नाहीच, असे म्हणून डागडुजी करणे ही पहिली. ग्रंथातीलच मुक्तीची वचने निवडून त्यांवर उभे राहणे ही दुसरी. आणि ग्रंथात तसे आहे, ते अन्याय्य आहे, असे स्वच्छ सांगून ग्रंथालाच मानवी प्रतिष्ठेच्या कसोटीवर लावणे ही तिसरी. दुसऱ्या वाटेने चालणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. मोशेच्या कथेने गुलामांना बळ दिले, हे इतिहास सांगतो. परंतु वचने निवडण्याची मुभा जुलूम करणाऱ्यालाही असते, आणि म्हणून तिसरी वाटच सुरक्षित आहे, असे आमचे ठाम मत आहे. मग ग्रंथाची गरजच काय उरते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आमचे उत्तर असे की, ग्रंथ सल्लागार म्हणून राहील. न्यायाधीश म्हणून राहणार नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३६ सालीच या निष्कर्षाला पोहोचले होते. ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी शास्त्रांच्या नव्या, सोयीस्कर अर्थाला नकार दिला. शास्त्रांचा खरा अर्थ निराळा आहे, काही भाग प्रक्षिप्त आहे, असे गांधीजी म्हणाले, तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिले की, सामान्य जनतेला मूळ आणि प्रक्षिप्त हा भेद ठाऊक नसतो; तिला जे शिकविले गेले, तेच ती आचरते. नॉल यांच्या ग्रंथाआधी सत्तर वर्षे त्यांनी दुखण्याचे मूळ पकडले होते. धर्मांतराने सर्व आपोआप सुटते, असाही भ्रम त्यांनी बाळगला नाही; भारतीय ख्रिस्ती समाजात जात कशी टिकून राहिली, यावर त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे.

आता प्रश्न आपला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी बौद्ध परंपरेलाच प्रश्न विचारले. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने त्यापूर्वी रोगी, वृद्ध वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे कसे पटावे? मात्र त्याच ग्रंथाचे आज आपण काय करीत आहोत? तो हारतुऱ्यांसह मिरविला जातो, शपथेसारखा वाचला जातो, आणि एखाद्या तरुणाने त्यातील विधानावर शंका काढली तर ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडते. या देशात वाढलेली आपली मुले महाविद्यालयात स्ट्रिंगफेलो आणि कोन दोघांनाही वाचतात. ती घरी येऊन आपल्या ग्रंथांविषयी तसेच प्रश्न विचारणार. त्यांना आपण गप्प केले, तर ज्या ग्रंथप्रामाण्याच्या तुरुंगातून आपले वाडवडील बाहेर पडले, त्याचीच नवी भिंत आपण आपल्या हातांनी बांधू.

केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, असे सांगितले, त्यातून त्यांनी स्वतःच्या वचनालाही वगळले नाही. म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. आपल्या संस्थेच्या प्रत्येक ग्रंथवाचनानंतर निदान अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा, आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान सभेतील सर्वांत लहानाला, किंवा ज्याने सर्वांत अधिक सोसले आहे त्याला द्यावा.