न्यायाधीशाच्या पत्रकावर पोलिसांचा बिल्ला

नगरसेवकाच्या प्रचारपत्रकावर कोणाकोणाचे फोटो असतात हे आपल्याला पाठ आहे. न्यायाधीशाचं प्रचारपत्रक मात्र आपण कधी पाहिलेलं नाही. अमेरिकेत ते घरोघरी पोचतं. तिथल्या केंद्रीय न्यायालयांतले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात. पण घटस्फोट, मुलांचा ताबा, मारहाण, बलात्कार, खून हे बायकांच्या आयुष्याशी भिडणारे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात, आणि बहुसंख्य राज्यांत तिथले सगळे किंवा काही न्यायाधीश मतदानानं निवडून येतात किंवा मतदानानं पदावर टिकतात. त्यांच्या पत्रकावर अनेकदा ठळक अक्षरांत एक ओळ असते : आमच्या उमेदवाराला पोलीस युनियनचा पाठिंबा आहे.

या ओळीला एवढं वजन का? कारण मतदाराला दुसरं काहीच ठाऊक नसतं. शिकागो शहर ज्या कुक काउंटीत येतं तिथे एकेका निवडणुकीत पदावर राहू इच्छिणाऱ्या साठ-सत्तर न्यायाधीशांची नावं मतपत्रिकेवर असतात. प्रत्येकाला टिकण्यासाठी साठ टक्के मतं लागतात. एवढ्या माणसांनी कोणते निकाल दिले हे कोण वाचणार? मग माणूस ओळखीची खूण शोधतो. पोलिसाचा बिल्ला ही अशी खूण आहे. ‘हा गुन्हेगारांना सोडणार नाही’ एवढंच ती सांगते.

आता त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं रोजचं काम काय असतं ते पाहू. झडतीचं वॉरंट द्यायचं की नाही, आरोपीला जामीन द्यायचा की नाही, पोलिसांनी जमवलेला पुरावा कायदेशीर मार्गानं आला की धमकावून, साक्षीदार पोलीस खरं बोलतो आहे का, हे सगळं तो ठरवतो. म्हणजे पोलिसांच्या कामाची तपासणी हेच त्याच्या कामाचं मोठं अंग आहे. ज्यांची तपासणी करायची त्यांच्याच पाठिंब्यावर निवडून यायचं, यात अडचण आहे हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, पोलिसांचा पाठिंबा असलेला न्यायाधीश बलात्काऱ्याला कडक शिक्षा देईल, मग बायकांचं त्यात काय बिघडलं? आपल्यापैकी अनेकींच्या मनात हा विचार येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

१९९६ साली अमेरिकेत एक चांगला कायदा झाला. घरातल्या मारहाणीच्या गुन्ह्यात, तो किरकोळ स्वरूपाचा धरला गेला असला तरी, दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगता येणार नाही. यातून पोलिसांना सूट दिली नव्हती. बायकोला मारणाऱ्या पोलिसाच्या हातून सरकारी बंदूकही जाणार होती. याविरुद्ध न्यायालयात कोण गेलं? ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’, म्हणजे १९१५ मध्ये पिट्सबर्गला सुरू झालेली आणि आज तिथली सर्वांत मोठी असलेली पोलिसांची संघटना. १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला. फेरसुनावणीत, १९९९ मध्ये, त्याच न्यायालयानं तो फिरवला आणि कायदा वाचला. संघटनेनं आपल्या सभासदांची नोकरी वाचवायचा प्रयत्न केला. कोणतीही युनियन तेच करील. पण त्या घरातल्या बाईला संरक्षण आदेश देणारा स्थानिक न्यायाधीश याच संघटनेच्या शाखेच्या पाठिंब्यावर निवडून आलेला असेल, तर ती बाई कोणत्या भरवशानं त्याच्यासमोर उभी राहील?

पोलीस नवऱ्याविरुद्ध तक्रार करणं काय असतं हे समुपदेशन केंद्रात काम करताना मी पाहते. पोलीस वसाहतीतून आलेली बाई आधी दार लावून घ्यायला सांगते. ती ज्या ठाण्यात जाईल तिथे नवऱ्याचे मित्र असतात. तिला एकच जागा उरते, न्यायालय. ती जागाही त्यांचीच आहे असं तिला वाटलं, तर ती परत घरी जाते.

ओक्लाहोमा सिटीच्या एका पोलीस अधिकाऱ्यावर तेरा बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. सगळ्या कृष्णवर्णीय. त्यांतल्या अनेकींवर व्यसनाचे किंवा किरकोळ गुन्ह्यांचे जुने शिक्के होते. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, या त्यांच्या भीतीचाच त्यानं फायदा घेतला. २०१५ मध्ये ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं आणि २०१६ मध्ये त्याला २६३ वर्षांची शिक्षा झाली. अशा खटल्यात कोणता पुरावा ज्यूरीपुढे येऊ द्यायचा हे न्यायाधीश ठरवतो. तिथे तो पोलिसांचा मिंधा नसणं याला किती किंमत आहे!

पैशाच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काही बंधनं मानली आहेत. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं २००४ साली एका उमेदवाराला निवडून आणण्यासाठी तीस लाख डॉलर खर्च केले आणि पुढे त्याच न्यायाधीशानं कंपनीचा खटला ऐकला. त्यानं बाजूला व्हायला हवं होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. पण बिल्ल्याची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही, त्यामुळे पाठिंबा सहज सुटून जातो.

आणि कडक शिक्षेचं काय? वॉशिंग्टन राज्यातल्या एका अभ्यासात असं दिसलं की निवडणूक जवळ आली की न्यायाधीश गंभीर गुन्ह्यांत सुमारे दहा टक्के जास्त शिक्षा देतात. गुन्हा तोच, कायदा तोच, फक्त कॅलेंडरचं पान वेगळं. हा न्याय नव्हे. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपीला फक्त सहा महिन्यांची शिक्षा झाली. संतापलेल्या स्त्रियांनी मोहीम उभारली आणि २०१८ मध्ये मतदारांनी त्या न्यायाधीशाला पदावरून काढलं. तो संताप रास्तच होता. पण तिथल्या काही स्त्रीवादी वकिलांनी तेव्हाच बजावलं होतं की घाबरलेला न्यायाधीश पुढची कडक शिक्षा श्रीमंत विद्यार्थ्याला देणार नाही, ज्याला वकीलही परवडत नाही अशा गरीब, काळ्या मुलाला देईल. त्या मुलाला आई असते, बहीण असते. तीही आपलीच.

मग हे सगळं इथे कशाला, असं वाटेल. आपल्याकडे न्यायाधीश निवडून येत नाहीत आणि पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर १९६६ च्या कायद्यानं निर्बंध आहेत. (बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या महिला शिपायांकडे पाहिलं की त्यांनाही संघटना हवी असं मला वाटतं. पगार, रजा, पाळणाघर यांसाठी. न्यायाधीश कोण असावा यासाठी नव्हे.) पण आपल्या बैठकांतही एखादा वाईट निकाल आला की, ‘न्यायाधीशांनाही मत मागायला लावा, म्हणजे कळेल’ असं कोणीतरी म्हणतंच. आणि डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. ती चकमक बनावट होती असा निष्कर्ष न्या. सिरपूरकर आयोगानं २०२२ मध्ये दिला. त्या दिवसांत मतदान असतं तर कोणता न्यायाधीश निवडून आला असता?

नेमणुकीनं आलेले न्यायाधीश आपोआप न्याय देतात असंही नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरावर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. तेव्हा स्त्रियांनी काय केलं? १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, ठिकठिकाणी मोर्चे निघाले, निकालातलं वाक्य न् वाक्य तपासलं गेलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आपण न्यायाधीशाची खुर्ची मागितली नाही, कारणं मागितली.

माझं म्हणणं एवढंच आहे. न्यायाधीश उत्तरदायी हवेत, पण त्यांनी उत्तर निकालपत्रात द्यावं. नेमणुका बंद दाराआड होऊ नयेत, अधिक स्त्रिया आणि दलित-आदिवासी न्यायाधीश यावेत, गटांनी न्यायालयात जाऊन बसावं, निकाल वाचावेत, त्यांवर जाहीर बोलावं. आणि पोलिसांनी अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत समोर उभं केल्यावर ‘तुला मारलं का?’ असं विचारणारा न्यायाधीश आपण जपला पाहिजे. उद्या त्या पिंजऱ्यात आपल्यापैकीच कोणी उभी असेल.