बाबूराव आपट्यांचे वकीलपत्र

सप्टेंबर २०२५ मध्ये एक बातमी वाचली आणि वकील म्हणून मला हसू आले. मराठी माणूस म्हणून मात्र आले नाही. 'हेराफेरी' या चित्रपटाचे निर्माते फिरोज नाडियाडवाला यांनी, बाबूराव हे पात्र विनापरवाना वापरल्याबद्दल एका लोकप्रिय विनोदी कार्यक्रमाच्या कर्त्यांना २५ कोटी रुपयांची नोटीस पाठवली होती. बाबूराव हे आपले नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, असा त्या नोटिशीचा आधार. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, चित्रपटाच्या तिसऱ्या भागातून अंग काढून घेतल्याबद्दल परेश रावल यांनाही अक्षय कुमार यांच्या कंपनीने २५ कोटींचीच नोटीस दिली होती. पुढे तेथे समेट झाला. घरभाडे थकले म्हणून भाडेकरूच्या नावाने खडे फोडणाऱ्या त्या बापड्या गॅरेजमालकाची किंमत इतकी वाढलेली पाहून त्याला स्वतःलाच घेरी आली असती.

निर्माता म्हणतो, बाबूराव माझा. नट म्हणतो, त्याला जिवंत मी केले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु बाबूराव कोणत्या मालमसाल्याचा घडवला आहे, हा प्रश्न कोणत्याही नोटिशीत आढळत नाही. त्याचा उच्चार काढून घेऊन पाहा. जाड भिंगांचा चष्मा, धोतर, बाटली आणि कर्ज एवढेच हाती राहील. असे घरमालक हिंदी चित्रपटांत शेकड्याने झाले आणि विस्मरणात गेले. बाबूराव टिकला तो त्याच्या जिभेमुळे, आणि ती जीभ आपली आहे. म्हणून कोणी सही करून दिलेले नसतानाही मी आज त्याचे वकीलपत्र दाखल करीत आहे.

प्रथम माझा कबुलीजबाब. २००० साली हा चित्रपट आला तेव्हा माझ्या वकिलीला जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. बेळगावच्या चित्रपटगृहात मी तो पाहिला आणि पोट धरून हसलो. त्यानंतर दूरचित्रवाणीवर किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. रावल यांना त्या भूमिकेसाठी विनोदी अभिनयाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले ते यथायोग्यच होते. मुंबईत वाढलेल्या या गुजराती नटाने शेजारघरची मराठी ज्या बारकाईने ऐकली होती, तितक्या बारकाईने आपल्यापैकी किती जण स्वतःची मराठी ऐकतात? तेव्हा माझी तक्रार नटाविरुद्ध नाही, आणि विनोदाविरुद्ध तर मुळीच नाही.

कथा ठाऊक नसलेला वाचक विरळा. दूरध्वनीच्या सूचीत 'स्टार गॅरेज' आणि 'स्टार फिशरीज' यांच्या क्रमांकांची अदलाबदल होते. कबीरा नावाचा गुंड एका श्रीमंताच्या नातीला पळवून खंडणी मागायला फोन करतो, तो वाजतो बाबूरावाच्या घरी. मग राजू, श्याम आणि बाबूराव हे तिघे कफल्लक ठरवतात की तीच खंडणी दुप्पट करून पुढे मागायची आणि मधली रक्कम आपण ठेवायची. (१९९३ साली दंड विधानात घातलेले ३६४ अ हे कलम २०२४ पर्यंत खंडणीसाठीच्या अपहरणाला मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगत असे. चित्रपटभर हे तिघे त्या कलमाच्या उंबरठ्यावर फुगडी घालत असतात, हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि तेच बरे.)

या चित्रपटाचे मूळ मल्याळम आहे: १९८९ सालचा 'रामजी राव स्पीकिंग'. सिद्दीक आणि लाल या जोडीचा दिग्दर्शक म्हणून तो पहिला चित्रपट. तेथे बाबूरावाच्या जागी मन्नार मथाई आहे, बंद पडल्यासारख्या नाटक कंपनीचा मालक. ती भूमिका इनोसंट या नटाने केली. मथाईही भोळा, कर्जात बुडालेला, बाटलीला न नाकारणारा. पण मथाई, त्याचे दोन्ही सोबती आणि प्रेक्षागृहातील माणसे या सर्वांची भाषा एकच. मल्याळी प्रेक्षक मथाईला हसतो तेव्हा तो आपल्याच मामाला हसत असतो. हीच कथा हिंदीत आली, मुंबईत बसवली गेली, आणि घरमालक कोणीतरी असायला हवा म्हणून तो बाबूराव गणपतराव आपटे झाला. त्याच क्षणी विनोदाचे ठाणे बदलले. जे हसू स्वभावावर होते ते उच्चारावर आले. बेळगावात मी हसलो तो मामाला हसलो. माझ्या मागच्या रांगेत जो मराठी नव्हता, तो कशाला हसत होता? एकाच अंधारात, एकाच क्षणी, दोन वेगळी हसणी चालू होती, आणि मला ते उमगायला बरीच वर्षे लागली.

(जाता जाता: मल्याळम चित्रपटात अपहरण करणाऱ्याचे नाव रामजी राव. केरळी कानाला परके वाटेल असे नाव गुन्हेगाराला दिले गेले, ही गंमत आहे. मात्र 'राव' तेलुगू आणि कन्नडमध्येही तितकाच नांदतो, तेव्हा तो दावा आपण एकट्याने लावू नये.)

आडनावाविषयी आपल्या काही मंडळींचा आक्षेप मी ऐकला आहे. कोशकार वामन शिवराम आपटे आणि कादंबरीकार हरि नारायण आपटे यांच्या आडनावाचा माणूस असा दारूडा गॅरेजवाला का दाखवावा, असे ते विचारतात. हा आक्षेप भाषेचा नसून कुळाचा आहे, आणि मी त्यात सामील होणार नाही. गॅरेज चालवणे हा कमीपणा नव्हे. बाबूरावाच्या बोलण्याकडे मात्र अवश्य पाहावे, कारण तेथे खरा ऐवज आहे.

तो देवाला 'देवा' म्हणून हाक मारतो. संबोधनाचा हा आकार मराठीचा. वाक्याच्या मध्ये तो 'रे' पेरतो, त्यात जवळीकही असते आणि वैतागही. मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत 'मैंने देखा' ऐवजी 'मैं देखा' येते, आणि हिंदीचे पंतोजी त्यावर कपाळाला आठ्या घालतात. पण मराठीत 'त्याने पाहिले' असे असले, तरी 'मी पाहिले' असेच आहे. प्रथमपुरुषी 'ने' आपल्याकडे लागत नाही. म्हणजे ज्याला अडाणीपणा समजले जाते, ते एका व्याकरणाने दुसऱ्या व्याकरणाच्या घरात शिस्तीने वागणे आहे. 'ऐसाइच', 'मैंइच' यांतील 'च' तर आपल्या अंगणातला. हा 'च' दख्खनी बोलीने शतकांपूर्वी मराठीकडून घेतला, 'नको'चे 'नक्को' केले. हैदराबादच्या आणि गुलबर्ग्याच्या वाचकांना हे मी सांगायला नको. बेळगावात माझ्या शेजारचे मुस्लिम कुटुंब ज्या सहजतेने हा 'च' वापरते, त्या सहजतेने आमची इंग्रजी शाळेतली मुले वापरत नाहीत.

किरकोळ चोरांच्या हिंदी चित्रपटांनी आणखी काय काय नेले ते पाहा. 'वाट लागणे' नेले. खेळातला सोबती तो 'भिडू', तो टोळीतला साथीदार झाला. 'राडा' म्हणजे चिखल, घाण, तो मारामारी झाला. आणि 'सुपारी'! लग्नाकार्याचे आमंत्रण सुपारीने द्यायचे, तमाशाच्या फडाचा करार सुपारीने ठरायचा. नारायणगावात गावकारभारी आजही फडाची सुपारी देतात. दिलेला शब्द पाळण्याची ती खूण होती. हिंदी पडद्यावर जाऊन तिचा अर्थ एकच उरला, आणि तो अर्थ परत येऊन आपल्या वर्तमानपत्रांतही स्थायिक झाला. ('अपुन'वर मात्र माळव्यातले वाचक 'अपन' म्हणत हक्क सांगतील, म्हणून तो मुद्दा मी सोडून देतो.)

यावर पहिला प्रतिवाद ठरलेला असतो: त्याच चित्रपटात खडक सिंग नावाचा पंजाबीही हास्यास्पद आहे, तो कोठे रडतो? उत्तर सोपे आहे. हिंदी चित्रपटात पंजाबी उच्चार प्रेमात ऐकू येतो, आईच्या तोंडी ऐकू येतो, लग्नाच्या मांडवात ऐकू येतो. एका खडक सिंगाने त्याचे काही बिघडत नाही. मराठी उच्चार कोणाला दिला जातो? हवालदाराला, मोलकरणीला, गुंडाच्या हस्तकाला. मराठी वीरांवर चित्रपट निघत नाहीत काय, असे कोणी विचारील. निघतात, आणि कोट्यवधी कमावतात. पण 'तान्हाजी' पाहा, 'छावा' पाहा: एखाद-दुसरा मराठी शब्द सोडला तर नायक स्वच्छ हिंदी बोलतो. मराठी माणूस मोठा झाला की त्याचा उच्चार पुसला जातो, आणि लहान झाला की तो ठळक केला जातो. माझी फिर्याद एवढ्या एका वाक्याची आहे.

दुसरा प्रतिवाद आमच्याच छावणीतून येतो, आणि तो मला अधिक अवघड जातो. २०११ साली 'सिंघम'मधील एका संवादावरून कर्नाटकात निदर्शने झाली आणि तो संवाद कापावा लागला. आमचे कार्यकर्ते विचारतात, त्यांचे एक वाक्य कापले जाते आणि आमचा अख्खा बाबूराव पंचवीस वर्षे दिमाखात चालतो, हे कसे? पोस्टरे फाडूया, पोलीस ठाण्यात अर्ज देऊया. मी त्यांना सांगतो की वाक्य कापता येते, उच्चार कापता येत नाही. आणि समजा, उद्या हिंदी चित्रपटातून मराठी उच्चार हद्दपार झाला, तर आपण काय मिळवले? तेथे जी काही मराठी कानावर पडते, तीही गेली. शिवाय ज्यांनी निदर्शनाची भाषा केली, त्यांच्यातील एकाच्या घरी त्याच आठवड्यात मी पाहिले की मुलगा पाहुण्यांसमोर बाबूरावाची नक्कल करीत होता आणि बाप कौतुकाने पाहत होता. नक्कल अप्रतिम होती. नंतर मुलाला भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेतला सण वाचायला सांगितला, तर त्याने तो इंग्रजी आकड्यावरून ओळखला. या घरात मराठीचा एकमेव सफाईदार प्रयोग म्हणजे मराठी माणसाची नक्कल!

आता माझा स्वतःचा गुन्हा. चित्रपट येऊन सहा-सात वर्षे झाली असतील. सीमाभागातील एका तालुका न्यायालयात बांधाचा दावा होता. माझे पक्षकार सत्तरीचे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत. न्यायालयाचे कामकाज कन्नडमध्ये. आबांना कन्नड बाजारापुरते येई. न्यायाधीश दक्षिणेकडचे, मराठी अजिबात न कळणारे, हिंदी थोडे समजणारे. त्या दिवशी दुभाषा नव्हता आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळणार होती. मीच म्हणालो, "आबा, हिंदीत सांगा, आजच आटोपेल." आबांनी ऐकले. पिंजऱ्यात उभे राहून ते बोलू लागले: मैं देखा, मेरा बाप देखा, वो दगड वहींच था. मागच्या बाकावरून कोणी तरी हलक्या आवाजात म्हणाले, "बाबूराव!" खोली हसली. विरुद्ध बाजूचे वकील हसले, कारकून हसला. मीही ओठ दाबले, पण ते आबांना दिसायचे ते दिसलेच.

त्यानंतर आबांनी प्रत्येक प्रश्नाला 'हां' किंवा 'ना' एवढेच उत्तर दिले. चिंचेच्या पश्चिमेला हद्दीचा दगड पुरला गेला, तो त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता; कोणी पुरला, त्या वेळी कोण कोण उभे होते, हे सर्व त्यांनी माझ्या कचेरीत तासभर रंगवून सांगितले होते. त्यातले अक्षरही नोंदीवर आले नाही. दावा गेला. अपिलात नवा पुरावा घालणे किती दुरापास्त असते, ते आदेश ४१ चा नियम २७ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ६ प्रमाणे साक्ष वेगळ्या भाषेत उतरवली गेली आणि ती भाषा साक्षीदाराला समजत नसेल, तर लिहिलेली साक्ष त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावीच लागते. तो नियम मला पाठ होता. दोन महिने वाचवण्यासाठी मी तो खिशात ठेवला.

त्यानंतर मी एकाही मराठी साक्षीदाराला हिंदीत बोलायला सांगितलेले नाही. दुभाष्यासाठी दोन ओळींचा अर्ज देतो. तारीख पडते, पक्षकार कुरकुरतो, कधी न्यायाधीशही कपाळाला आठ्या घालतात. पडू द्यावी तारीख. सीमाभागातील माझ्या तरुण वकील मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की पोस्टर फाडायला जो वेळ काढणार आहात, तो या दोन ओळींना द्या. आणि साक्षीदार मराठीत बोलू लागला की त्याच्या 'हाय', 'व्हय'ला तुम्ही स्वतः हसू नका.

त्या दिवशी मी आबांना बसस्थानकापर्यंत सोडायला गेलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वकीलसाहेब, त्यो बाबूराव कोण?"

"सिनेमातला माणूस आहे एक," मी म्हणालो.

"काय करतो?"

"गॅरेज आहे त्याचं."

"मग बरं हाय की," आबा म्हणाले, आणि पाटी न वाचताच पहिल्या आलेल्या बसकडे चालू लागले.